कारुसो, १९०० साल आणि पांढरी सात

सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: इटालियन ऑपेरागायक एन्रिको कारुसोची पहिली रेकॉर्ड एप्रिल १९०२ मधली, मिलानच्या हॉटेलातली नव्हेच. पुच्चीनीच्या ‘टोस्का’ या ऑपेरातलं ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ हे पद त्याने १९०० सालीच मेणाच्या सिलिंडरवर गायलं होतं, झोनोफोन कंपनीच्या सात तबकड्या १९०१ च्या आहेत, आणि हे सगळं मागाहून झाकलं गेलं. सोबत पाते या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकडीच्या लेबलाचा फोटो. कारणं चार-पाच दिली जातात, ती एकेक करून पाहू.

“टोस्का १९०० चा, कारुसोने त्याच वर्षी तो केला, म्हणजे रेकॉर्डही तेव्हाचीच.”

पहिली दोन विधानं बरोबर आहेत. ‘टोस्का’ १४ जानेवारी १९०० ला रोममध्ये रंगमंचावर आला, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात कारुसोने त्रेव्हीझो आणि बोलोन्याला त्यात काम केलं. पण यातून एवढंच निघतं की रेकॉर्ड १९०० च्या आधीची नाही. नंतरची किती, याचं उत्तर यात नाही. गोंधळ होतो कारण हीच चीज कारुसोने चार वर्षांच्या आत चारदा मुद्रित केली: १९०२ ला ग्रामोफोन कंपनीसाठी, १९०३ ला झोनोफोनसाठी, त्याच वर्षी अँग्लो-इटालियन कॉमर्स कंपनीच्या सिलिंडरवर, आणि १ फेब्रुवारी १९०४ ला न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टरसाठी. चारही वेळा साथीला फक्त पियानो. एकीची तारीख दुसरीला चिकटायला आणखी काय लागतं?

“झोनोफोनच्या तबकड्या १९०१ च्या.”

हे तर अशक्यच. त्या सात तबकड्यांमध्ये फ्रांकेत्तीच्या ‘जर्मानिया’ या ऑपेरातली चीज आहे. ‘जर्मानिया’चा पहिला प्रयोग ला स्कालात ११ मार्च १९०२ ला झाला आणि त्यात नायक कारुसोच होता. जे नाटक रंगमंचावर आलंच नव्हतं, त्यातलं पद वर्षभर आधी तबकडीवर कसं येणार? ग्रामोफोन कंपनीचा मुद्रणकार गाइसबर्ग याने ११ एप्रिलला मिलानमध्ये घेतलेल्या दहा गाण्यांची सुरुवातही ‘जर्मानिया’नेच होते: साच्याचे क्रमांक १७८२ ते १७९१, पियानोवर साल्व्हातोरे कोत्तोने. नवं नाटक गाजत होतं, त्यातलं पद हातोहात मुद्रित झालं, हा क्रम सरळ आहे.

“सिलिंडरची खरखर बघा, इतकं जुनाट यंत्र १९०२ चं असूच शकत नाही.”

खरखरीवरून साल ठरवायचं तर आधी ती कुठून आली ते बघावं लागेल. सिलिंडरवरची ही मुद्रणं पुढे पातेच्या तबकड्यांवरही निघाली, तीही सिलिंडरवरून यांत्रिक नक्कल करून. प्रत्येक नकलेत वरचे स्वर बोथट होतात आणि घरघर वाढते. दुसरं कारण आजच्या टर्नटेबलवरचं. साध्या तबकडीत सुई डावी-उजवी हलते, पातेच्या तबकडीत आणि सिलिंडरवर ती वर-खाली हलते. स्टीरिओ कार्ट्रिजने, म्हणजे सुई बसवलेल्या दोन वाहिन्यांच्या भागाने, ती वाजवून दोन्ही वाहिन्यांची नुसती बेरीज केली, की गाणं एकमेकांत कटतं आणि खरखर तेवढी उरते. इथे बेरजेऐवजी वजाबाकी हवी, म्हणजे एका वाहिनीच्या तारा उलट जोडायच्या. सुईही टोकदार नको, नीलमण्याच्या गोल टोकाच्या मापाची हवी. बऱ्याच सुरुवातीच्या पाते तबकड्या आतून बाहेर वाजतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं. राहिला यंत्राचा प्रश्न, तर याच गाइसबर्गने त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानला मुद्रित केलं. त्या तबकड्या नीट लावून ऐका, शब्द कळतात.

“आवाज कोवळा आहे, हा विशीतला कारुसो.”

त्याचा जन्म २५ फेब्रुवारी १८७३ चा, म्हणजे १९०० साली तो सत्तावीस वर्षांचा आणि १९०२ ला एकोणतीस. या दोन वर्षांचा फरक कर्ण्यातून मुद्रित झालेल्या आवाजात ऐकू येतो, असं म्हणणाऱ्याने आधी फिरकीचा वेग तपासावा. मिनिटाला ७० फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर सूर जवळजवळ दोन अर्धस्वर चढतो आणि आवाज आपोआप पातळ, पोरसवदा होतो. उलट ९० ची पाते तबकडी ७८ वर लावली तर तो अडीच अर्धस्वर उतरतो आणि गडी एकदम पोक्त वाटतो.

तपासायची रीत सोपी आहे. पुच्चीनीने ही चीज बी मायनरमध्ये लिहिली, आपल्या भाषेत पांढरी सात. पेटी घेऊन बसा. काळी एक ऐकू येत असेल तर वेग जास्त आहे. तेव्हाचा पियानो आजच्यापेक्षा किंचित उतरलेला असू शकतो: ए ४४० ऐवजी ४३५ धरला तर फरक अर्धस्वराच्या पाचव्या हिश्शाएवढा. खरी अडचण वेगळीच. टेनर मंडळी, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, अर्धा स्वर उतरवून गातात, तेव्हा पेटी दोन उत्तरं देते: पांढरी सात लागली तरी वेग बरोबर असेल, किंवा गाणं उतरवलेलं आणि वेग जास्त असेल. अशा वेळी स्वराचं कंपन ऐकायचं: शेळीसारखं थरथरत असेल तर वेग अजून जास्तच आहे.

“लंडनने तार करून मनाई केली होती, तिथेच पाणी मुरतं.”

दहा गाण्यांचे शंभर पौंड फार झाले, मुद्रण करू नका, अशी कंपनीच्या लंडन कचेरीची तार आल्याचं गाइसबर्गने १९४२ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, आठवणींत लिहिलं. शब्द न् शब्द खरा धरला तरी हा वाद पैशांचा आहे. आधीच्या मुद्रणाचा त्यात उल्लेखही नाही.

उरला तो फोटो. १९००-०१ च्या छापील सूचीत कारुसोचं नाव आणि या सिलिंडरचा क्रमांक कुणी दाखवला, तर तारीख मागे न्यावीच लागेल. फोटोतली तबकडी मात्र त्या कामाची नाही, कारण पातेने तबकड्या १९०५ च्या आधी बाजारात आणल्याच नव्हत्या.