साडेचार लिटरपुरती मुभा

घरी बिअर बनवायला परवानगी द्यावी का, असा विषय ठाण्यात निघाला की दोन मिनिटांत गाडी हातभट्टीवर येते. मालवणीत २०१५मध्ये शंभरावर माणसं गेली, तेच घरोघरी हवंय का, असं विचारलं जातं. काळजी खरी आहे. पण मालवणीतले बळी मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचे होते. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवट फुलं) आणि यीस्टच्या बिअरमध्ये जीवावर बेतेल एवढं मिथेनॉल तयारच होत नाही. ब्रिटनच्या कायद्याने रेघ नेमकी इथेच ओढली आहे. १९६३पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, दारू गाळायला मात्र आजही लागतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दोन्ही गुन्हेच. त्यामुळे आज घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये कुणी पातेलं चढवू नये, हे आधीच सांगतो.

ब्रिटनमधलं सगळं मात्र उचलू नये. तिथल्या घरगुती बिअरच्या किटचं माप २३ लिटर, ते ठाण्याच्या स्वयंपाकघराला झेपणारं नाही. साडेचार लिटर झेपतं, पण मोठी पाककृती नुसती पाचाने भागून चालत नाही. वाफ पाण्याच्या मापावर नाही, पातेल्याच्या तोंडावर ठरते. तासभराच्या उकळीत दीड-दोन लिटर सहज उडतं. किलोभर माल्ट लिटरभर पाणी पितं, तळाशी गाळात अर्धा लिटर जातं. म्हणून सुरुवात आठ लिटरने. माल्ट ६६-६७ अंशांना तासभर भिजायला हवं; लहान पातेलं भराभर निवतं, तेव्हा ते जाड चादरीत गुंडाळायचं. साडेपाच टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो) हॉप्स ८ ग्रॅम पुरतात, यीस्ट ३-४ ग्रॅम.

ठाण्यातला मे महिना यीस्टला सोसत नाही. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. तिशीपार गेलं की नेलपॉलिशसारखा वास येतो. दमट हवेत ओल्या फडक्याचा फारसा उपयोग नाही. पाच लिटरची बरणी थर्माकोलच्या पेटीत ठेवून बर्फाची बाटली सकाळ-संध्याकाळ बदलता येते, हा लहान मापाचा मोठा फायदा. नाहीतर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट, ते पस्तीस अंशांतही नीट काम करतं.

विरोधकांनी लावून धरावा असा मुद्दा वेगळाच आहे: बाटली फुटणं. साखर किती उरली ते घनतेवरून सांगणाऱ्या हायड्रोमीटरला एका वेळी शंभर मिली बिअर लागते. साडेचार लिटरमध्ये ती जिवावर येते, म्हणून लोक मोजणंच टाळतात. पण घनतेचे चार अंक (०.००४) उतरायचे बाकी असताना बाटल्या भरल्या, तर फेसासाठी लिटरला घातलेल्या ६ ग्रॅम साखरेपेक्षाही जास्त वायू त्या उरलेल्या साखरेतून होतो, आणि उकाड्यात काच तडकते. तीन दिवस आकडा तोच राहिला तरच भरायचं. साखर चमच्याने नाही, काट्यावर मोजायची: एकूण २७ ग्रॅम. बाटली जाड काचेची, बिअरचीच.

मागणी करायचीच तर एवढीच करावी: घरामागे एका वेळी पाच लिटर, विक्री नाही, गाळणं नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला ७५७ लिटरची मुभा दिली. ठाण्याला तेवढी नको.