तेरला उभं राहून ऐकलेला इतिहास

इतिहास परिषदेची सत्रं शहरातल्या सभागृहात न घेता थेट ऐतिहासिक स्थळांवर भरवा, ही एका लेखातली सूचना मला मनापासून पटली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेसाठी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो होतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर (म्हणजेच आजचं तेर) आहे आणि तिथला माल गाड्यांतून गुजरातच्या किनाऱ्यावरच्या भडोच बंदराला जातो, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय. हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं, पण तेरणा नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर खापराचे तुकडे पायाखाली आले तेव्हा ते खरं उमगलं. मग त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मुळात हा बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावा, असं अभ्यासक का म्हणतात ते भिंतीला वळसा घातल्यावर कळतं. फोटोत ती गोलाई दिसतच नाही.

एक खंत मात्र आहे. लामतुरे संग्रहालयाला जेमतेम अर्धा तास मिळाला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपून ठेवल्या, म्हणून तो ठेवा आज तेरमध्येच आहे. इथे सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीचं इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे, एवढ्यावरच एक अख्खं सत्र व्हायला हवं होतं.

आणि गावकऱ्यांना श्रोते म्हणून तरी बोलवा. शेत नांगरताना मणी, नाणी त्यांनाच सापडतात हो.