कंपासपेटीतला पंचम

आमच्या घरात गेल्या गणपतीपासून एकच गाणं चालू आहे, आणि त्याचीही पहिली ४० सेकंदंच. तानपुरा लागतो, तबला येतो, बुवा 'आ' लावतात आणि मी बंद करतो. मग पुन्हा पहिल्यापासून. हेडफोन उघड्या पाठीचे, त्यामुळे मी ऐकतो त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातही ऐकू येतं. परवा बायकोने भाकरी थापता थापता विचारलं, "या गाण्याला अंतरा आहे का रे?"

"असेल," मी म्हणालो. मी गाणं ऐकतच नव्हतो. मी डावा कान ऐकत होतो.

याचं मूळ ऑफिसातल्या मित्राकडे जातं. तो कायमचा परदेशी निघाला आणि जाताना त्याचे ३०० ओहमचे हेडफोन मला निम्म्या किमतीत देऊन गेला. घरी आणून फोनला लावले, तर आवाज खाडीपलीकडून, कळव्याहून आल्यासारखा. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, त्याला ॲम्प लागतो." ताबा दिल्यावर बिल्डर पार्किंगचे वेगळे पैसे सांगतो ना, अगदी त्या सुरात.

ॲम्प म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर. तयार मिळतात. पण मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. गेली बावीस वर्षं विम्याचे क्लेम तपासतो, तो भाग वेगळा. शोधता शोधता 'सीमॉय' सापडला. चू मोय नावाच्या अमेरिकेतल्या हौशी माणसाचं हे सर्किट. एक आठ पायांचा आयसी, म्हणजे चिप, मूठभर रेझिस्टर, चार कपॅसिटर, एक ९ व्होल्टची बॅटरी. तिकडचे लोक ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. ३०० ओहमच्या हेडफोनला करंट थोडाच लागतो, व्होल्ट मात्र जरा जास्त लागतात, आणि ते हा देतो.

यात एक गंमत आहे. आयसीला अधिक आणि उणे असा दोन्हीकडचा पुरवठा हवा, आणि बॅटरी तर एकच. मग दोन सारख्या रेझिस्टरनी ९ व्होल्ट मधोमध कापायचे, साडेचार इकडे, साडेचार तिकडे, आणि मधल्या बिंदूला म्हणायचं ग्राउंड. वर्च्युअल ग्राउंड. म्हणजे जिथे जमीन नाही तिथे ती आहे, असं सगळ्यांनी मिळून धरून चालायचं. माझ्या मेव्हण्याला हे पहिल्या फटक्यात समजलं. तो घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो.

पार्ट आणायला एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस पार्ट घ्यायला आलेला नसतो. ठाण्याहून दादर, तिथे पूल चढून वेस्टर्न, मग ग्रँट रोड. मला रेझिस्टर हवे होते चार प्रकारचे, प्रत्येकी दोन. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी किराणा दुकानात जाऊन दोन तांदूळ मागितले. "सौ का पट्टी आता है." चार पट्ट्या घेतल्या. त्यातले ८ लागले, उरलेले ३९२ देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत. आमच्या पुढच्या दोन पिढ्यांना ४.७ किलोओहम कमी पडणार नाही.

आता जोडणी. रेझिस्टरची किंमत त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. तपकिरी-काळा-तांबडा म्हणजे १ किलोओहम. विसाव्या वर्षी हे मला लांबून दिसायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, ट्यूबलाइटखाली, तांबडा आणि नारिंगी हे एकाच आईचे जुळे दिसतात. हाताशी मल्टिमीटर होता, पण मीटर लावणं म्हणजे डिप्लोमाचा अपमान.

रात्री साडेअकराला शेवटचा टाका मारला. घरभर राळेचा वास. हेडफोन कानाला लावले, गाणं सुरू केलं, नॉब पूर्ण फिरवला. आवाज कळव्याहूनच येत होता. लेकीला बोलावलं. तिने एकदा ॲम्पमधून ऐकलं, एकदा थेट फोनवरून ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, सेमच आहे."

सेम नव्हतं. कागद-पेन्सिल घेतल्यावर कळलं. आवाज किती पट होणार ते १० आणि १ किलोओहमचे रेझिस्टर ठरवतात. दहाला एकाने भागून त्यात एक मिळवला की आवाज ११ पट होतो. मी ते दोन रेझिस्टर उलटे लावले होते. एकाला दहाने भागून त्यात एक मिळवला की येतं १.१. म्हणजे पाऊण महिना खपून, दोनदा ग्रँट रोडला जाऊन, बोटाला दोन चटके घेऊन मी बुवांचा आवाज एक दशांशाने वाढवला होता. "महागाई भत्ता यापेक्षा जास्त वाढतो," बायको म्हणाली. ती सरकारी नोकरीत आहे.

काढताना सोल्डर उपसायचा पंप 'फट्' करून सोल्डरबरोबर बोर्डावरचं तांब्याचं कडंही घेऊन गेला. तिथे रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा आडवा घालून काम भागवलं. बोर्डाची मागची बाजू मी अजून कोणाला दाखवलेली नाही.

डबीचा प्रश्न लेकीने सोडवला, म्हणजे तिच्या नकळत. तिची पाचवीतली पत्र्याची कंपासपेटी माळ्यावर होती. झाकणाला आतून वेळापत्रक चिकटवलेलं, मंगळवारचा तिसरा तास चित्रकला. पत्र्याला जॅकसाठी भोकं पाडायची तर ड्रिल घसरतं, म्हणून आधी कर्कटकाच्या टोकाने खूण केली. शाळेत कर्कटकाचा उपयोग पुढच्या बाकावरच्याला टोचण्यापलीकडे मला कधी सापडला नव्हता. पण पत्रा आणि बोर्डाची मागची बाजू एकमेकांना टेकली की शॉर्ट. मध्ये काहीतरी न वाहणारं हवं. टीव्ही दुरुस्तीवाले यासाठी जुना एक्स-रे कापून घालतात. बाबांच्या गुडघ्याचा २०१४ सालचा एक्स-रे कपाटावर होताच. तो कात्रीने कापून मापात बसवला. उजेडात धरला तर कंपासपेटीत बरोबर वाटी दिसते. बाबांनी विचारलं, "डॉक्टरांनी परत मागितला तर?" मी म्हटलं, उरलेली नडगी दाखवू.

आणि चालला! ११ पट. बुवा कळव्याहून थेट हॉलमध्ये आले. तंबोऱ्याच्या जवारीचा तो मधमाशीसारखा गुंजारव, तबल्याच्या शाईवरून हात उचलल्याचा आवाज, 'आ'च्या आधी घेतलेला श्वास. मी चाळीस सेकंदं ऐकलं आणि डोळे भरून आले.

तिथे थांबायला हवं होतं. पण मी आयसी थेट बोर्डावर न डाखता सॉकेटमध्ये बसवला होता, आणि सॉकेट म्हणजे मोह. चिमट्याने एक आयसी उपटायचा, दुसरा खोचायचा. साधा ५५३२ काढून ओपीए २१३४ आणला, अर्थात स्वस्तात मिळाला म्हणून. चाळीस सेकंदं ऐकलं आणि मित्राला परदेशी मेसेज केला की खर्जाला आता वजन आलंय, पडदा दूर झालाय वगैरे. आठवड्याने कुठेतरी वाचलं की नकली आयसीवरचं नाव पुसलं जातं. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरने कापूस भिजवला आणि हलकेच फिरवला. ओपीए २१३४ कापसावर आलं. आयसी कोरा करकरीत, पाटी पुसलेल्या टॅक्सीसारखा. खाली कोण होतं ते आजतागायत कळलेलं नाही, पण त्याने वाजवलं छान, असं मी लेखी कळवून बसलो होतो.

याच सुमारास डावा कान कमी येतोय असा संशय सुरू झाला. व्हॉल्यूमच्या नॉबखाली जो पॉट असतो, त्यात दोन कानांचे दोन पट्टे असतात, आणि नॉब खाली असताना ते दोघे एकमेकांशी जुळत नाहीत. मग महागडा पॉट आणला. तो कंपासपेटीत मावेना, म्हणून नॉब आता जिथे 'नाव' आणि 'इयत्ता' लिहायचं तिथून बाहेर येतो.

बॅटऱ्या फार लागत होत्या. त्यात मी रात्री बटण बंद करायला विसरायचो. नाक्यावरच्या दुकानदाराने एकदा काळजीने विचारलं, "एवढ्या चौकोनी बॅटऱ्या करता काय हो?" म्हणून अडॅप्टर जोडायचं ठरवलं. कपाटात जुन्या कॉर्डलेस फोनचा होता, ट्रान्सफॉर्मरवाला, हातात घेतला की वजन जाणवणारा. त्याचा धातूचा जॅक पत्र्यात बसवला आणि बुवांचा 'आ' मधोमध फाटला. दोन तास गेल्यावर उमगलं. अडॅप्टरच्या जॅकचं अंग म्हणजे उणे टोक, हेडफोनच्या जॅकचं अंग म्हणजे आपली ती मानीव जमीन, आणि दोघांच्या मध्ये कंपासपेटीचा पत्रा. जमीन नाहीच आहे हे पत्र्याने उघडं केलं होतं. नळाचा रबरी वॉशर कापून जॅकभोवती बसवला.

'आ' शिवला गेला. पण आता गाणं नसतानाही एक आवाज येऊ लागला. मंद, अखंड, गंभीर. हम.

तळमजल्यावर एक काका पेटी शिकवतात. सोसायटीचे खजिनदारही तेच. मेंटेनन्सची पावती द्यायला आले तेव्हा मी हताश बसलो होतो. "बघू," म्हणून त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली.

"तानपुरा सुरेख लागलाय."

"काका, गाणं अजून लावलेलं नाही."

"मग हा कोण?"

"महावितरण."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. पुन्हा ऐकलं. "पेटीची पांढरी एक पट्टी षड्ज धरलीस तर हा मंद्र पंचम आहे. किंचित चढा."

मी हसलो. मग हिशेब केला आणि हसू गेलं. वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टरमध्ये तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतात, म्हणून हम येतो १०० हर्ट्झचा. पांढरी एकच्या षड्जाखालचा पंचम ९८ हर्ट्झ. काकांचा कान दोन हर्ट्झने चुकला नव्हता, ग्रिड चुकलं होतं.

"जरा उतरवता येईल का?" काकांनी विचारलं.

"काका, हा देशाचा सूर आहे. ९८ करायचा तर ग्रिड ४९ वर आणावं लागेल. तितकं खाली गेलं तर आपोआप लोडशेडिंग सुरू होतं."

"मग राहू दे. आमची मुलं नाहीतरी चढीच लावतात." आणि अडॅप्टर घेऊन गेले. त्याच्यासोबत माझा जुना, १.१ पटवाल्या काळातला पॉटही. त्यांच्याकडे एक पडीक स्पीकर आहे, त्याला मेव्हण्याच्या मदतीने काय जोडलं मला माहीत नाही.

मी परत बॅटरीवर आलो. रविवारी दुपारी सगळं शांत होतं. हम नाही, खरखर नाही. गाणं लावलं, चाळीस सेकंदं झाली, सवयीने बोट पुढे गेलं, तेवढ्यात बायकोने हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या कानाला लावले. माझा हात बाजूला सारला. गाणं पुढे गेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने डोळे मिटले होते आणि मांडीवर ताल धरला होता.

"डावा कमी येतोय का गं?" मी खुणेने विचारलं.

तिने हेडफोन उलटे करून पाहिले. "दोन्ही नीट येताहेत. तू कान दाखवून ये." पुन्हा डोळे मिटले.

पंचवीस मिनिटांनी तिने हेडफोन काढले. "आहे अंतरा."

"कसा आहे?"

"ऐक की."

मी हेडफोन लावले. कंपासपेटीवरचा लाल दिवा विझला होता. रविवार, नाक्यावरचं दुकान बंद. खालून काकांच्या शिकवणीचा आवाज येत होता. पोरं पंचम लावत होती, चढा.