चित्राभोवतीची मोकळी जागा

वेबपानावर चित्र लावणे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते त्याच्याभोवतीची मोकळी जागा आपल्या मर्जीत ठेवणे. चित्राखाली चारेक पिक्सेलची एक फट राहते. मी चित्राचे मार्जिन (कडेबाहेरची मोकळी जागा) शून्य करतो, पॅडिंग (कडेच्या आतली) शून्य करतो, शेजारच्या निरपराध परिच्छेदाचेही शून्य करून पाहतो. फट जागची हलत नाही. कारण ब्राउझरच्या लेखी चित्र हे ओळीतले एक थोराड अक्षर असते. ते तळरेषेवर उभे राहते आणि तिच्याखाली उकारांना लोंबकळण्यासाठी जागा राखून ठेवली जाते. ओळीत चित्राखेरीज काहीही नसले, तरी न आलेल्या उकारांचा हा मान अबाधित राहतो.

चित्राला ‘डिस्प्ले ब्लॉक’, म्हणजे ओळीतले अक्षर न राहता स्वतंत्र ठोकळा हो, असे बजावले की फट जाते, पण मग ओळीला दिलेली मध्यभागी राहण्याची आज्ञा ते ऐकत नाही. त्यासाठी डावे-उजवे मार्जिन ‘ऑटो’ ठेवावे लागते. बरे, खाली ३० पिक्सेल सोडावेत आणि पुढच्या परिच्छेदाने वर २० सोडावेत, तर बेरीज ५० होईल ही शाळेतली समजूत झाली. इथे मोठे मार्जिन धाकट्याला गिळते आणि हाती ३०च उरतात. वैतागून चित्र फ्लोट करावे, म्हणजे एका कडेला तरंगते ठेवून मजकूर त्याच्या बाजूने वाहू द्यावा, तर हे गिळणे थांबते खरे. मात्र ज्या चौकटीत ते एकटेच होते, त्या चौकटीची उंची शून्य होते आणि चित्र तिच्या बाहेर लटकत राहते.

जुन्या काळी हे सुख होते म्हणावे, तर तसेही नाही. चित्राची आडवी जागा सांगणारा ‘एचस्पेस’ आणि उभी सांगणारा ‘व्हीस्पेस’ दोन्ही बाजूंना सारखीच जागा सोडत; फक्त उजवीकडे हवी असेल तर लोक एका पिक्सेलची पारदर्शक जिफ ताणून बसवत, म्हणजे चित्राला दूर ठेवण्यासाठी दुसरे, न दिसणारे चित्र! १९९६ मध्ये सीएसएसची, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेची, पहिली शिफारस आली आणि मार्जिनच्या चारही बाजू वेगळ्या झाल्या. तक्रारीलाही चार बाजू मिळाल्या.

सर्वांत अपमानास्पद बाब अशी, की प्रत्येक वेळी नियम उघडून पाहावा तर ब्राउझरचेच बरोबर निघते. परवा मी वरचे मार्जिन टक्क्यांत दिले आणि खिडकी रुंद करताच चित्र खाली सरकू लागले. हा दोष नक्कीच ब्राउझरचा, अशा आनंदात मी नियम वाचला: वरचे मार्जिनसुद्धा चौकटीच्या रुंदीवरूनच मोजायचे असते. मी मुकाट्याने पिक्सेल लिहिले.