'उलेमांमधून एकही सुधारक आला नाही' हे धडधडीत खोटं आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: बहुसंख्य होताच मुसलमान शरियत लादतात, त्यांच्यातले उदारमतवादी पाश्चात्त्य विद्यापीठांत घडलेले असतात, उलेमांमधून, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांमधून, एकही सुधारक आलेला नाही. दुर्लक्षच करणार होतो. पण राज्यसेवेची तयारी करणाऱ्या भाचीने तो निबंधासाठी वहीत उतरवून घेतला, तेव्हा राहवलं नाही.

इंडोनेशिया घ्या. तिथे सुमारे 87 टक्के मुसलमान. मुसलमानांवर शरियतीचं बंधन घालणारे शब्द 18 ऑगस्ट 1945 रोजी घटनेच्या मसुद्यातून वगळले गेले. 2002 मध्ये ते परत आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा नहदलातुल उलमा आणि मुहम्मदिया या तिथल्या सर्वांत मोठ्या धार्मिक संघटनांनीच विरोध केला. हा मुद्दा इथेच संपतो.

आता पाश्चात्त्य शिक्षण. 'इस्लाम हवा, इस्लामी पक्ष नको' ही भूमिका घेणारे तिथले विचारवंत नुरखोलिश माजिद यांनी शिकागोत डॉक्टरेट केली, हे खरं. पण ती भूमिका 1970 ची, डॉक्टरेट 1984 ची! ते घडले गोंतोरच्या पेसान्त्रेनमध्ये, म्हणजे निवासी मदरशात. अब्दुर्रहमान वाहिद तर नहदलातुल उलमाच्या संस्थापकांचे नातू, पुढे तिचेच प्रमुख. राष्ट्राध्यक्ष असताना 2000 मध्ये त्यांनी चिनी वंशाच्या लोकांच्या जाहीर सणांवरची 1967 पासूनची बंदी उठवली.

आणि बायका? एप्रिल 2017 मध्ये चिरेबोनजवळच्या एका पेसान्त्रेनमध्ये स्त्री उलेमांची परिषद भरली. त्या पेसान्त्रेनची प्रमुखही स्त्रीच. लैंगिक हिंसा, अगदी नवऱ्याने केलेलीसुद्धा, हराम आहे आणि बालविवाह रोखणं बंधनकारक आहे, असे फतवे तिथे निघाले. आधार होता कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं) आणि देशाच्या घटनेचा. 2019 मध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय कायद्याने 16 वरून 19 झालं. हे सगळं डोळ्यांआड करून 'एकही नाही' असं लिहायला धजावतात कसे?

हो, आचे प्रांतात शरियत आहे, फटकेही मारतात. 2017 मध्ये जकार्ताच्या ख्रिस्ती गव्हर्नरना ईश्वरनिंदेसाठी दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. 2005 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने उदारमतवादाविरुद्धच फतवा काढला. एवढं मान्य करावंच लागेल. पण तिथल्या सुधारकांना 'नाहीतच' म्हणून पुसून टाकलं, तर बळ मिळतं ते हेच फतवे काढणाऱ्यांना. 2005 च्या त्या फतव्याला जाहीर विरोध करणाऱ्यांत वाहिदही होते.