पेट्री डिशमधली पालेभाजी आणि पोटातली पालेभाजी

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: शेवग्याचा पाला, घोळ, टाकळा, राजगिरा अशा दुर्लक्षित पालेभाज्यांत फळांच्या कित्येक पट अँटिऑक्सिडंट (पेशींचं नुकसान रोखणारी द्रव्यं) असतात. त्या ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ आहेत हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, पण लपवून ठेवलंय. रोज उपाशीपोटी रस घ्या किंवा पाला उकळून पाणी प्या; गोळ्या बंद, दुष्परिणाम शून्य.

या भाज्या खाव्यात, याबद्दल दुमत नाही. लोह, कॅल्शियम, फोलेट, बीटा-कॅरोटीन, तंतू यांसाठी त्या उत्तमच. पण मेसेज त्यावर थांबत नाही.

‘कित्येक पट अँटिऑक्सिडंट’ हा आकडा येतो कुठून? पाला वाळवतात, भुकटी करतात आणि मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात. तो अर्क डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या गर्द जांभळ्या द्रावणात मिसळतात. अर्कातल्या पॉलिफिनॉल्स या अँटिऑक्सिडंट रसायनांची त्याच्याशी क्रिया झाली की जांभळा रंग उतरून पिवळट होतो. तो किती उतरला, हे 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. चाचणी स्वस्त, झटपट आणि बघायला झकास. फक्त डीपीपीएच माणसाच्या शरीरात नसतं, आणि मिथेनॉल कोणी पीत नाही (पिऊही नये). त्यात वाळलेल्या भुकटीची तुलना ताज्या फळाशी केली, की पाणी उडालेल्या पानात जे टिकलं ते सगळंच ‘कित्येक पट’ दिसणार. शेवग्याच्या पावडरीवर ‘संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व’ छापतात, तो तर कहरच. मुळात तो हिशेब ताज्या पानांचा; वाळवताना त्यातलं बहुतेक क जीवनसत्त्व नष्ट होतं.

ओरॅक नावाच्या अशाच एका मापाची भली मोठी यादी अमेरिकेच्या कृषी विभागाने प्रसिद्ध केली होती. 2012 साली त्यांनी ती स्वतःच काढून टाकली. या आकड्यांवरून माणसाच्या आरोग्यावरचा परिणाम कळत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, हे कारण त्यांनी दिलं.

बरं, अँटिऑक्सिडंट पोटात गेलं म्हणजे फायदा झालाच, असंही नाही. बरीचशी पॉलिफिनॉल्स आतड्यातून जेमतेम शोषली जातात. जी जातात त्यांचं रूप आतडं आणि यकृत बदलून टाकतात, आणि ती लघवीवाटे निघून जातात. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्के जास्त आढळला. हा निष्कर्ष 1994 सालचा. प्रयोग गोळ्यांचा होता, भाजीचा नव्हे. त्यामुळे भाजी बदनाम होत नाही. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे मात्र टिकत नाही.

आता ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’. पेट्री डिश या चपट्या ताटलीतल्या अगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) जिवाणू पसरतात, अगरला छोटं भोक पाडून त्यात अर्क भरतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, आणि मेसेजमधला फोटो नेमका त्याचाच असतो. पण वर्तुळ मोठं म्हणजे औषध जालीम, असं नाही. अर्क अगरमध्ये किती सहज पसरतो यावरही त्याचा आकार ठरतो. खरा प्रश्न मात्रेचा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक ई. कोलाय या जिवाणूच्या संवेदनशील जातीची वाढ मिलिलीटरला 1 मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाणात रोखतं. पानांच्या कच्च्या अर्काला त्यासाठी बहुधा शेकडो मायक्रोग्रॅम, कधी काही मिलिग्रॅम लागतात. मिलिलीटरला 1 मिलिग्रॅम धरलं, तर 5 लिटर रक्तात 5 ग्रॅम अर्क जसाच्या तसा पोहोचायला हवा. वाटीभर रसातून हे होत नाही.

मेथीच्या अर्कालाही डिशमध्ये अशी वर्तुळं मिळाली आहेत. तरी 2011 साली जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या कच्च्या मोडांपर्यंत लागला. सुमारे 3,800 लोक आजारी पडले, 50 हून अधिक दगावले. मोड म्हणजे पान नव्हे, हे मान्य. पण अर्काची ताकद खाण्यात आपोआप उतरते, असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

वनस्पतीतून औषध मिळतच नाही, असं नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या पानांतून आलं आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. मात्र त्याआधी रेणू वेगळा झाला, मात्रा ठरली, रुग्णांवर चाचण्या झाल्या. डिशमधलं वर्तुळ ही या रस्त्याची पहिली पायरी. बहुतेक अर्क तिथेच थांबतात.

‘लपवून ठेवलंय’ यावर काय बोलणार? असे शोधनिबंध ढिगाने छापून येतात, मेसेजवाल्यांना आकडे मिळाले तेही तिथूनच.

राहिलं ‘दुष्परिणाम शून्य’. घोळ आणि राजगिऱ्याच्या पानांत ऑक्झॅलेट (ज्यापासून मुतखडे बनतात ते द्रव्य) भरपूर असतं. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी असा रस रोज पिणं धोक्याचं आहे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफॅरिन हे औषध घेणाऱ्यांनी हिरवा पाला अचानक वाढवला, तर त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. आणि पाला उकळला की विरघळणारं ऑक्झॅलेट पाण्यात उतरतं. म्हणून असा पाला उकळून पाणी फेकायचं असतं. मेसेज नेमकं तेच पाणी उपाशीपोटी प्यायला सांगतोय.