जेलमध्ये दारू सुटत नाही, थांबते

गेल्या महिन्यात एक मेसेज आधी भावकीच्या ग्रुपवर आला, मग वकिलांच्या, मग केळी बागायतदारांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘चोर-खुन्यांना सरकारी खर्चाने मानसोपचार आणि व्यसनमुक्ती कशाला? इथे शेतकऱ्याला सिव्हिलला डॉक्टर भेटत नाही. जेलमध्ये दारू मिळत नाही, दोन महिन्यांत आपोआप सुटते. बाकीचे वेडाचं सोंग घेऊन सुटायला बघतात. फारच वाटत असेल तर प्रवचन ठेवा.’ खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

मी खानदेशात वकिली करतो. विधी सेवेच्या पॅनेलवर असल्यामुळे वकील न परवडणाऱ्या बंद्यांना भेटायला कारागृहात जावं लागतं. मी डॉक्टर नाही, पण हा मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा आत जास्त वेळा गेलो असेन.

‘दोन महिन्यांत आपोआप सुटते.’

हे घरच्यांनाही पटतं, म्हणून आधी हेच घेतो. एक बाई मला म्हणाली होती, “साहेब, जामिनाची घाई करू नका, तेवढे दिवस लेकरं शांत झोपतील.” तिच्यापुढे मी काही बोललो नाही. तिचं चूक नव्हतंच.

पण सकाळी उठल्यापासून हातभट्टीची घेणाऱ्याची दारू एकदम तोडली की शरीर काय करतं ते बघा. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, आणि उपचार नसेल तर माणूस दगावतोही. आता हे वेळापत्रक पोलिसांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. शुक्रवारी रात्री अटक, २४ तासांच्या आत कोर्टात, शनिवारी संध्याकाळी न्यायालयीन कोठडी, मध्ये रविवार. म्हणजे सगळ्यात धोक्याची वेळ नेमकी नव्या बराकीत येते, जिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि तो रोज किती प्यायचा हे कोणी विचारलेलं नसतं.

असा एक जण मी पाहिला आहे. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीतला, तिशीतला. मला बघून म्हणाला, “मुकडदम, गाडी लागली का?” आणि दोन्ही हात पुढे करून नसलेले घड उचलून खांद्यावर ठेवायला लागला. एक ठेवला, दुसरा ठेवला, मोजत होता. मध्येच दंडावरच्या मुंग्या झटकायचा. मुंग्या नव्हत्या. बराकीतल्यांनी त्याला ‘नाटकी’ ठरवून कोपऱ्यात बसवलं होतं. त्याला दवाखान्यात हलवायला दुपार उलटली, कारण सोबत जायला पोलीस पार्टी मिळत नव्हती. वाचला. बाहेर त्याची आई उभी होती. तिचं एकच वाक्य लक्षात आहे: “मना आंडोर चोर नही भाऊ, दारूनी त्याले खादं.” (माझा मुलगा चोर नाही, दारूने त्याला खाल्लं.)

यावरचा इलाज काही परदेशातून आणायचा नाही. काही दिवस दिवसागणिक कमी करत न्यायच्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी आणि लक्ष ठेवणारा माणूस. गोळ्यांपेक्षा अवघड आहे ते पहिल्या रात्री ‘रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस’ हे विचारणं.

समजा, हे चार दिवस निभावले आणि दोन महिने थेंबही घेतला नाही. सुटली का? शरीराची सवय मोडली, ओढ तिथेच राहिली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट निघाला. तिथला मामला जास्त करून हेरॉइन, कोकेन अशा पदार्थांचा, आपल्याकडे दारूचा. तेव्हा आकडा जसाच्या तसा इकडे लावू नका. पण हेरॉइनसारख्या नशेत त्याचं एक कारण उघड आहे: आत राहून सहनशक्ती उतरते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. पुढे ऱ्होड आयलंड राज्याने तुरुंगातच औषधं सुरू केली आणि सुटलेल्यांचे असे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी घटले. ‘हे गोऱ्यांचे चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी: दिल्लीच्या तिहारमध्ये अफूजन्य नशेवरचा औषधोपचार २००८ पासून आहे.

आणि आत मिळत नाही, हेही कुणी सांगितलं? कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात भिंतीवरून चेंडूत भरून गांजा फेकल्याच्या बातम्या मेसेजवाल्याने वाचल्या नसाव्यात.

‘शेतकऱ्याला डॉक्टर नाही आणि यांना?’

यातलं पहिलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्यांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. एम्सच्या २०१९ च्या अहवालात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळाल्याची नोंद आहे. सिव्हिलच्या ओपीडीची रांग मीही पाहतो.

पण शेतकरी एका बाजूला आणि कैदी दुसऱ्या बाजूला, ही वाटणी कोणी केली? बांधाच्या भांडणात कुऱ्हाड उचलणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतंच की. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० लोक होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर अजून काही सिद्धच झालेलं नाही. मेसेजमधले ‘चोर-खुनी’ हे बहुतेक तारखेची वाट बघत बसलेले लोक आहेत.

आणखी एक साधी गोष्ट. बाहेरचा गरीब मेडिकलवाल्याकडून उधारीवर गोळी आणतो, पाहुण्याच्या गाडीवर बसून धुळ्याला जातो. आतल्याला डोकेदुखीची गोळीसुद्धा कोणीतरी हातावर ठेवावी लागते. कुलूप सरकारने लावलं, तर आतल्याच्या तब्येतीचीही जबाबदारी सरकारची. राज्यघटनेच्या कलम २१ चा कोर्टांनी लावलेला अर्थ हाच आहे.

‘वेडाचं सोंग घेऊन सुटतात.’

कायदा माहीत असलेला माणूस हे सोंग घेणार नाही. गुन्हा करताना आपण काय करतोय हे समजण्याची अवस्था नव्हती, हे सिद्ध करावं लागतं. नंतर आत जाऊन बिघडलेल्याला त्याचा उपयोग नाही. खटला समजत नसेल तर खटला थांबतो, संपत नाही. बिहारमधल्या वीणा सेठी प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले कैदी ‘वेडे’ म्हणून दशकानुदशकं हजारीबागच्या तुरुंगात पडून होते, काही जण बरे झाल्यावरही. हे सोंग फार महाग पडतं.

उलट अडचण वेगळीच आहे: आजार असलेला दिसतच नाही. बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्स या तिथल्याच मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी ५,०२४ कैदी तपासले. व्यसन धरून ७९.६ टक्के लोकांत निदान करण्याजोगं काही निघालं, व्यसन वगळलं तरी २७.६ टक्के. आणि आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघा. कलम १०३ प्रमाणे तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला काय कळवायचं? तर आपल्याकडे मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही, असं प्रमाणपत्र. हेतू चांगला असावा. आजारी माणूस योग्य जागी हलवला जावा म्हणून. पण ज्याला ‘नाही’ असंच लिहून द्यायचंय, तो शोधायला कशाला जाईल? शोधलाच तर पाठवायचा कुठे? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. म्हणजे पुन्हा पोलीस पार्टी, गाडी, तीनशे किलोमीटर.

‘प्रवचन ठेवा.’

ठेवा की. धुळ्याच्या तुरुंगाला ते सांगायला नको. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पण समोर बसले होते सत्याग्रही, स्वतःहून तुरुंगात गेलेले. हवेतले घड उचलणाऱ्याला अठरावा अध्याय ऐकवून फिट थांबत नाही. आधी गोळी, मग प्रवचन.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरातला माणूस उद्या उचलला गेलाच, तर एवढं करा. पहिल्या रिमांडलाच वकिलाकरवी न्यायाधीशांना सांगा की हा रोज पितो, अमुक दिवसापासून बंद आहे, आधी फिट आली होती किंवा नाही. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ते लिहून घ्यायला लावा, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत द्या. शिरपूरकडच्या पट्ट्यात गांजाच्या केसेस बऱ्याच होतात; स्वतःच्या सेवनापुरती अल्प मात्रा असेल आणि माणूस स्वतःहून उपचाराला तयार असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ, म्हणजे उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून सूट देणारं कलम, वकिलाला दाखवा. वकील नसेल तर १५१०० वर फोन लावा, विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. आणि हे सोमवारवर ढकलू नका.